वाचक विचारतात : आपल्या गल्लीचा नकाशा

गेल्या अंकात मी ओपनस्ट्रीटमॅपबद्दल लिहिलं होतं. जगभरातली माणसं आपापला परिसर स्वतः नोंदवतात आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एक नकाशा तयार होतो, तो हा. प्रश्न असतील तर पाठवा असं लेखाच्या शेवटी म्हटलं होतं, ते वाचकांनी मनावर घेतलं. मागचा अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी नवी मुंबईत, ऐरोलीत राहते. आरोग्यसेविका म्हणून ३१ वर्षं दिघा, इलठणपाडा, रबाळे या पट्ट्यात घरोघरी फिरले. निवृत्त झाल्यावर भाच्याने मला हा नकाशा दाखवला. तेव्हापासून संध्याकाळचा एक तास त्याचा असतो. सगळ्याच पत्रांना इथे जागा नाही, पण जे प्रश्न बऱ्याच जणांना पडलेले दिसले ते घेते.

ताई, फोनमध्ये नकाशा फुकट मिळतो, रस्ता दाखवतो, ट्रॅफिकही सांगतो. मग तुम्ही उन्हातान्हात फिरून दुसरा नकाशा का काढता? आणि कोणासाठी? — एक निवृत्त बँक कर्मचारी, कोपरखैरणे

याचं उत्तर द्यायला मला पोलिओच्या दिवसांत जावं लागेल.

पल्स पोलिओ मोहिमेआधी आमचा मायक्रोप्लॅन बसायचा, म्हणजे कोणती टीम कुठल्या घरांत जाणार याची आखणी. प्रत्येक टीमला एक हाताने काढलेला नकाशा मिळायचा. साधा फुलस्केप कागद, त्यावर स्केचपेनने पिंपळ, सार्वजनिक नळ, किराण्याचं दुकान, अंगणवाडी, आणि बाण: इथून सुरुवात, इथे शेवट. रविवारी बूथ, मग पुढचे दिवस घरोघरी. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने पी लिहायचा. मूल गावाला गेलेलं किंवा आईसोबत कामावर गेलेलं असेल तर एक्स. एक्सच्या घरी पुन्हा जायचं, मूल भेटेपर्यंत.

डोंगराच्या अंगाला असलेल्या वस्तीत तो कागद नसेल तर काम होतच नाही. वाट वर जाते, दोन घरांच्या मधून वळते, पुढे कोणाची तरी मोरी लागते. बाहेरच्या माणसाला वाटतं वाट संपली. ती संपलेली नसते, मोरीच्या मागे आणखी पंधरा घरं असतात. एका वर्षी आमच्या टीमा बदलल्या. जुने नकाशे ज्या कपाटात होते तिथे पावसाचं पाणी शिरलं होतं, कागदांचा लगदा झाला होता. नव्या मुलींनी घाईघाईत दुसरा नकाशा काढला. त्यात पाण्याच्या टाकीमागची घरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी घेताना एका बाईने मला हटकलं, “सिस्टर, आमच्याकडे या वेळी का नाही आलात?” कडेवर दीड वर्षांची मुलगी होती. मी तिथूनच परत केंद्रावर गेले, व्हॅक्सिन कॅरियर उचलला आणि टाकीमागे गेले. अकरा मुलं सुटली होती.

देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. लसीचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण त्या लसीला दारापर्यंत नेणारे ते स्केचपेनचे नकाशे कुठे गेले? रद्दीत. दिघ्याच्या डोंगरावर कुठल्या मोरीमागे वाट आहे हे आमच्या पिढीच्या सिस्टरना ठाऊक होतं. आम्ही निवृत्त झालो आणि ते आमच्याबरोबर घरी आलं.

मला या खुल्या नकाशाचं मोल वाटतं ते इथे. टाकीमागची वाट मी एकदा त्यात काढली की ती माझी राहत नाही. उद्याची आरोग्यसेविका ती उतरवून घेईल, छापेल, त्यावर आपल्या खुणा करेल. कोणाची परवानगी नको, पैसे नकोत. कंपनीचा नकाशा तुम्ही पाहू शकता, वापरू शकता, पण त्याच्या पोटातली माहिती उचलून आपल्या कामाचा वेगळा नकाशा करायचा तर ती कंपनीची मालमत्ता आहे. स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला तो याच अडचणीतून. तिथल्या सरकारी खात्याने उत्तम नकाशे केले होते, पण त्यांची माहिती लोकांना मोकळेपणी वापरता येत नव्हती. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून ज्या परवान्याखाली आहे त्याच्या अटी मोजक्या आहेत: वापरा, विका, हवं ते करा, मात्र नकाशा कोणी केला त्याचा उल्लेख करा, आणि माहितीत भर घालून ती पुढे दिलीत तर तीही खुली ठेवा.

“फुकटात कोणासाठी राबायचं” असंही तुम्ही पत्रात लिहिलं आहे. मोठमोठ्या कंपन्याही ही माहिती वापरतात, हे खरं आहे. त्यांनी वापरली म्हणून टाकीमागची वाट कमी होत नाही. मला ती त्या पंधरा घरांसाठी हवी आहे.

मला संगणक येत नाही. इंग्रजी जेमतेम वाचता येतं. साधा अँड्रॉइड फोन आहे. माझ्यासारखीला काही करता येईल का? — एक गृहिणी, सानपाडा

हो, आणि आजच. स्ट्रीटकंप्लीट नावाचं ॲप घ्या. ई-मेल वापरून ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा. ॲप तुम्ही उभ्या असाल तिथल्या वस्तूंबद्दल प्रश्न विचारतं: या इमारतीला मजले किती, हा रस्ता डांबरी की पेव्हर ब्लॉकचा, या रस्त्यावर दिवे आहेत का, या बाकाला पाठ आहे का. बऱ्याच प्रश्नांबरोबर चित्रं असतात. समोर पाहून उत्तर द्यायचं. दिसत नसेल तर सांगता येत नाही म्हणायचं, अंदाजाने भरायचं नाही. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांना एव्हरी डोअर हे ॲप चालेल, दुकानं आणि दवाखाने नोंदवायला ते फार सोयीचं आहे.

आमचं गाव सेक्टर पडायच्या कितीतरी आधीचं. फोनवर पाहिलं तर सगळीकडे सेक्टरचे आकडे. आमच्या आळ्या, आमचं तळं, गावदेवी, कशाचंच नाव नाही. हे मी भरू शकतो का? कोणत्या भाषेत? आणि गावठाणाची हद्द काढली तर तिचा आम्हाला पुढे उपयोग होईल का? — एक वाचक, घणसोली गाव

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, दादा.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, म्हणजे सिडको, १९७० मध्ये आली आणि ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर उभं राहिलं. सेक्टर कागदावर आधी आखले गेले आणि मग जमिनीवर उतरले. म्हणून ते कुठल्याही नकाशात पटकन येतात, त्यांना आकडा आहे, सरळ रेघ आहे. तुमच्या आळीला रेघ नाही. ती कुठे सुरू होते हे तिथे राहणाऱ्याला माहीत असतं आणि पाटी लावायची गरज कोणाला कधी वाटली नाही. त्यामुळे ती कोणी बाहेरचा भरू शकत नाही. आकाशातून घेतलेल्या चित्रात पत्रे दिसतात, नाव दिसत नाही. ती तुम्हीच भरायची आहेत.

कसं भरायचं ते सांगते. आळीच्या मधोमध एक बिंदू ठेवा, या नकाशाच्या भाषेत त्याला नोड म्हणतात. त्याला जागेचा प्रकार द्या, छोटी वस्ती या अर्थाचा ‘नेबरहूड’ हा प्रकार आळीला बसतो. मग नाव. आपल्याकडे मुख्य नावाच्या खान्यात बहुतेक ठिकाणी इंग्रजी लिपीतलं नाव असतं. पण प्रत्येक भाषेसाठी वेगळा खाना आहे आणि मराठीच्या खान्याची खूण ‘एमआर’ अशी आहे. तो खाना रिकामा सोडू नका. ऑरगॅनिक मॅप्ससारखं ॲप फोनची भाषा पाहून नाव दाखवतं, पण मराठी नाव कोणी भरलंच नसेल तर ते दाखवणार काय? मी स्वतः ऐरोली ते दिघा पट्ट्यातले बसथांबे, मंदिरं, तळी यांची मराठी नावं भरायला घेतली तेव्हा दोन पावसाळे त्यातच गेले.

एकाच जागेला दोन नावं असतील तर दोन्हींना जागा आहे. पर्यायी नावाचा खाना वेगळा, जुन्या नावाचा वेगळा, फक्त स्थानिक लोक वापरतात त्या नावाचा आणखी वेगळा. त्यामुळे कुठलं खरं यावर भांडायची वेळ सहसा येत नाही. पाटी नसलेल्या नावांसाठी मी तीन माणसांना विचारते: एक म्हातारं माणूस, एक दुकानदार, एक शाळकरी मूल. तिघांनी एकच नाव सांगितलं तर भरते. म्हातारं माणूस वेगळं सांगत असेल तर ते जुन्या नावाच्या खान्यात जातं. दिघ्याला एक आजी होत्या, मला कायम “बाय” म्हणायच्या. वस्तीतल्या प्रत्येक वाटेला त्यांच्याकडे नाव होतं. एक वाट करवंदाची, एक बांधाची. करवंदाची जाळी मी कधी पाहिली नाही, ती माझ्याआधीच गेली होती. नाव मात्र त्या शेवटपर्यंत घेत होत्या. ते मी जुन्या नावाच्या खान्यात घातलं आहे.

निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या चौकाला नवं नाव देणारा फ्लेक्स लागतो. तो पाहून लगेच नाव बदलू नका. कायमची पाटी लागू दे, लोकांच्या तोंडात बसू दे. समोर जे आहे ते लिहायचं, हा या नकाशाचा सगळ्यात जुना नियम आहे.

आता हद्दीचं. तुम्ही ज्या आशेने विचारलंत ती मला कळते. गावठाण विस्ताराचा आणि गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न किती वर्षं लोंबकळतो आहे हे मी तुमच्या आयाबहिणींच्या ओटीवर बसून ऐकलं आहे. पण स्पष्ट सांगते, या नकाशाला सातबाऱ्याची किंमत नाही. घर उभं आहे एवढं तो दाखवतो, कोणाचं आहे हे सांगत नाही. गावठाणाची हद्द अंदाजाने काढू नका. चुकीची रेघ एकदा दिसायला लागली की लोक तिलाच खरी धरतात आणि त्याचा त्रास तुम्हालाच होईल. त्याऐवजी घरं काढा, एकेक. आळ्यांची नावं भरा. विहिरी, तळं, गावदेवीचं देऊळ, होळीचं मैदान, वाळवणाची जागा भरा. करावे, सारसोळे, दिवाळे इथल्या खाडीकाठच्या वाचकांनाही हेच सांगणं आहे: होड्या कुठे लागतात, जाळी कुठे सुकतात, हे तुमच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही.

माझ्या हातून चूक झाली तर? सगळ्या जगाला दिसणार ना ती? आणि कोणी मुद्दाम बिघडवलं तर? — कॉलेजची विद्यार्थिनी, वाशी

दिसेल. आणि कोणीतरी दुरुस्तही करेल. प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणत्या खात्यातून, कधी, काय बदललं. बिघडवलेलं पूर्ववत करता येतं आणि जाणूनबुजून नासधूस करणाऱ्यांचं खातं बंद करणारा स्वयंसेवकांचा एक गटही आहे.

माझी पहिल्या वर्षातली चूक सांगते. डोंगरावरच्या वस्तीचं उपग्रह चित्र पाहून मी घरं काढत होते. चित्रात मधे मधे निळे चौकोन दिसले. मला वाटलं, पाणी साठवायच्या उघड्या टाक्या. पाच-सहा ठिकाणी तसं भरलं. आठवड्याने एका अनोळखी मॅपरचा संदेश आला, फार सौम्य शब्दांत: “हे पाणी नसावं, छपरावरची ताडपत्री असेल का? तुम्ही जवळ राहत असाल तर पाहून याल?” मी गेले. ताडपत्रीच होती, गळक्या पत्र्यांवर विटा ठेवून अंथरलेली. ज्या घरांत मी इंजेक्शनं द्यायला बसले होते त्यांतली दोन त्यात होती. छप्पर आतून पाहिलेलं असूनही वरून मी ते ओळखलं नाही, याची मला फार खंत वाटली. त्या दिवसापासून चित्रावरून काढलेली कुठलीही गोष्ट पायी जाऊन पाहिल्याशिवाय मी पक्की मानत नाही. रेषा आधी काढते, तपशील चालून आल्यावर.

आणखी एक. उपग्रहाचं चित्र कधी कधी काही मीटर सरकलेलं असतं. वाशीतल्या उंच इमारती चित्रात कलल्यासारख्या दिसतात, तेव्हा आकार छपराचा काढलात तरी तो पायावर आणून ठेवा. बदल जतन करताना एक ओळ लिहायची असते, तिथे नुसतं “दुरुस्ती” लिहू नका. “रविवारी सकाळी चालत गेले, गेट बंद असतं, वॉचमनला विचारलं” असं लिहा. पुढच्याला कळतं की तुम्ही तिथे होतात.

दुसऱ्या नकाशावरून दुकानांची नावं पाहून इथे भरली तर काम झटपट होईल. चालेल का? — एक वाचक, ऐरोली

नाही. एका संध्याकाळचं काम वाचेल, पण ती माहिती दुसऱ्याच्या मालकीची आहे आणि उघडकीला आलं की तुमचं सगळं भरलेलं काढून टाकावं लागतं. नकाशे करणारे पूर्वीपासून चोरी पकडण्यासाठी खोटी गल्लीसुद्धा घालत आले आहेत. दुकानासमोरून चालत जा, पाटीचा फोटो काढा, घरी येऊन भरा. तो फोटो तुमचा आहे.

आईला तीन वर्षांपासून व्हीलचेअर लागते. तिला तलावपाळीला न्यायचं तर मी आधी एकटा जाऊन रस्ता पाहून येतो. नकाशात असं काही भरता येतं का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

येतं, आणि तुम्ही जे पाहून येता तेच तर हवं आहे. तुमची ती फेरी एकदा नोंदवलीत तर दुसऱ्या कोणाच्या मुलाला ती मारावी लागणार नाही.

दुकान, दवाखाना, शौचालय, देऊळ अशा प्रत्येक जागेला व्हीलचेअरसाठी तीन उत्तरं देता येतात: जाते, अडचणीने जाते, जात नाही. बर्लिनच्या एका संस्थेने याच माहितीवर व्हीलमॅप नावाचा नकाशा केला आहे, त्यात या जागा हिरव्या, केशरी आणि लाल दिसतात. पायरी नसेल तर हिरवी. दारात एकच पायरी आणि तीही साधारण ७ सेंटिमीटरपर्यंत असेल तर केशरी. मी शाळेची पट्टी पिशवीत ठेवते. ऐरोलीतल्या औषधांच्या दुकानांच्या पायऱ्या मोजल्या तेव्हा एका दुकानदाराने विचारलं, काय मोजताय? सांगितल्यावर त्याने आतून लाकडी फळी आणून दाखवली, गिऱ्हाईक आलं की लावतो म्हणाला. तेही मी नोंदीत लिहिलं: मागितल्यास फळी मिळते.

दुकानांपेक्षा महत्त्वाची वाट आहे. फुटपाथ जिथे सुरू होतो आणि संपतो तिथल्या कडेची उंची भरा. ३ सेंटिमीटरपर्यंतची कड उतरती धरतात, त्यापेक्षा जास्त ती उंच. मोटारसायकली अडवायला रोवलेले खांब असतील तर दोन खांबांतलं अंतर मोजा. खुर्ची बहुधा तिथेच अडकते. उतार असेल तर चढायला किती जड जातं ते तुमच्या दंडांना माहीत आहे, तेवढंच लिहा. लिफ्ट असेल तर तिची जागा दाखवा आणि ती कुठल्या वेळेत सुरू असते तेही.

सुरुवात मोठ्या पसाऱ्याने करू नका. तुमच्या घरापासून मासुंद्याच्या, म्हणजे तलावपाळीच्या काठापर्यंतची ती एकच वाट पूर्ण करा, ज्या बाजूने आईला नेता ती बाजू. आणि तलावाकाठी ती जिथे बसते, जिथे सावली असते, तो बाक नोंदवा. त्याच्याशेजारी खुर्ची उभी करायला जागा आहे हेही.

सोसायटीच्या नकाशात रहिवाशांची नावं घालावीत का? आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे की सोय होईल. — एक वाचक, नेरुळ

अजिबात नको. इमारतीचं नाव, विंग, गेट, क्रमांक एवढं पुरे. कोण कुठे राहतं, कोणाचा फोन काय, हे या नकाशात घालत नाहीत. मी ३१ वर्षं लोकांच्या घरात गेले. कोणाकडे टीबीचं औषध चालू आहे, कोण माहेरी येऊन राहिली आहे, हे सगळं मला ठाऊक असायचं. त्यातलं एक अक्षरही मी कधी कुठल्या नकाशावर लिहिलं नाही.

आजी, आमच्या घराकडे जायच्या पायऱ्या मी मोजल्या. त्या ८४ आहेत. त्या नकाशात कुठे लिहायच्या? — इयत्ता सहावी, दिघा

बाळा, फार छान काम केलंस. पायऱ्यांची वाट ही एक रेषा असते. ती खालून वर काढायची आणि चढ वरच्या दिशेने आहे असं सांगायचं. मग पायऱ्यांच्या संख्येचा एक खाना असतो, त्यात ८४ लिहायचे. हाताला धरायला कठडा आहे का, रात्री दिवा असतो का, हेही विचारतात. ते तू पाहून ये. संध्याकाळी आईला बरोबर घेऊन जा, दिवा लागतो की नुसता खांब आहे ते तेव्हाच कळेल.

आणि पुन्हा एकदा मोज, या वेळी उतरताना. मधे सपाट ओटा लागतो का ते बघ. लागत असेल तर तिथे रेषा तोडून दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागाच्या पायऱ्या वेगळ्या लिहायच्या. पाण्याची कळशी घेऊन चढणारी माणसं त्या ओट्यावर थांबतात, म्हणून तो ओटाही नकाशात यायला हवा. दोन्ही आकडे मला कळव. पुढच्या अंकाआधी मी तिकडे येणार आहे, आपण मिळून भरू.